कलेची ओळख कुठून करून द्यावी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची होती. शाळेतला चित्रकलेचा तास संपल्यापासून ज्यांनी रंगपेटीला हात लावलेला नाही आणि पुढेही कलेचे रीतसर शिक्षण घेण्याचा ज्यांचा विचार नाही, अशा महाविद्यालयीन मुलामुलींना चित्र, शिल्प, संगीत यांची ओळख कशी करून द्यावी, असा त्यांचा एकूण आशय होता. काही पत्रे शिक्षकांची होती, काही खुद्द विद्यार्थ्यांची. त्यांतली सात निवडून, अशा वर्गांवर अनेक वर्षे रसग्रहण शिकवताना जे हाती लागले त्याच्या आधारे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे. कलेची आवड आहे म्हणून कलापरिचयाचे दहा तास घेण्याचे काम महाविद्यालयाने माझ्याकडे सोपवले. गुहाचित्रांपासून आजच्या कलेपर्यंतचा इतिहास मी चारशे स्लाइडमध्ये बसवला. पहिल्या तासाला वर्ग गच्च भरला होता, चौथ्या तासाला अकरा विद्यार्थी उरले. माझे काय चुकले?

उत्तर : तुमच्या तयारीत काही कमी नव्हते, विद्यार्थ्यांच्या वाट्याला पाहणे मात्र फार कमी आले. दहा तासांत चारशे चित्रे म्हणजे एका चित्राला दीड मिनिट, आणि त्या दीड मिनिटातही विद्यार्थी चित्र पाहत नसतो. तो तुमचे बोलणे ऐकत असतो किंवा वहीत सन टिपून घेत असतो. हौसेने संग्रहालयात जाणारी माणसेसुद्धा फार वेगळी वागत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रेक्षक एका कलाकृतीपुढे सरासरी २७ सेकंद थांबतात असे आढळले, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदांच्या आतच ते पुढे सरकले होते. घाईने पाहण्याची ही सवय मोडणे हेच पहिल्या तासाचे काम असावे असे मला वाटते.

म्हणून पुढच्या वर्षी पहिला तास एकाच चित्राला द्या. मी बहुतेक वेळा डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याने १६५७-५८च्या सुमारास रंगवलेले, दूध ओतणाऱ्या दासीचे चित्र घेतो. चित्राचे नाव, चित्रकार, देश, काळ यांपैकी काहीही पहिल्या वीस मिनिटांत सांगत नाही. नियम एकच असतो : डोळ्यांना जे दिसते तेवढेच बोलायचे, आणि ‘छान’, ‘सुंदर’, ‘अर्थपूर्ण’ हे शब्द तूर्त बाजूला ठेवायचे. सुरुवातीची उत्तरे ठरलेली येतात. एक बाई आहे, ती दूध ओतते आहे, टेबलावर पाव आहेत, डावीकडे खिडकी आहे. मग वर्ग गप्प होतो. ही शांतता शिक्षकाला फार जड जाते, काहीतरी माहिती सांगून ती भरून काढण्याचा मोह होतो, पण तेवढा मोह आवरावा. चार-पाच मिनिटांनी कोणीतरी म्हणते की खिडकीची एक काच फुटलेली आहे. दुसऱ्या कोणाला पावाच्या कडक सालीवर उजेड पडलेल्या जागी रंगाचे बारीक ठिपके दिसतात. तिसऱ्याला जमिनीवरची छोटी लाकडी पेटी दिसते, आणि निखारे ठेवून पाय शेकण्याची ती पेटी आहे एवढे तेव्हा सांगायला हरकत नाही. एका वर्गात मागच्या बाकावरची, तोवर एक अक्षरही न बोललेली मुलगी उभी राहून म्हणाली, “भिंतीत वर एक खिळा आहे, आणि त्याची सावलीसुद्धा पडली आहे.” सगळा वर्ग पुढे झुकला. खरोखरच त्या जवळजवळ रिकाम्या भिंतीवर एक खिळा आहे, आणि आसपास पूर्वीच्या खिळ्यांची भोकेही आहेत.

इथे प्रश्न विचारायचा : चित्रकाराने एवढी मोठी भिंत मोकळी ठेवली, मग हा एक खिळा आणि त्याची सावली का रंगवली? उत्तरे अनेक येतात आणि त्यांतली बरीच ऐकण्यासारखी असतात. त्यानंतर मी त्यांना सांगतो, की आम्स्टरडॅमच्या ज्या राइक्सम्युझियममध्ये हे चित्र आहे, तिथल्या संशोधकांनी केलेल्या तपासणीत रंगाच्या थराखाली बाईच्या डोक्यामागे सुरया टांगण्याची एक फळी सापडल्याचे २०२२ साली जाहीर झाले. व्हर्मीरने ती फळी आधी रंगवायला घेतली होती आणि नंतर भिंतीच्या रंगाने झाकून टाकली. फळी गेली, खिळा राहिला. हे कळताच मुलांच्या चेहऱ्यावर जो बदल दिसतो, त्यासाठी मी दरवर्षी हा तास घेतो. समोरचे चित्र म्हणजे कोणीतरी एकेक गोष्ट ठेवत आणि एकेक गोष्ट काढत घेतलेल्या निर्णयांची मालिका आहे, हे त्यांना व्याख्येवाचून समजते. मग चित्रकाराचे नाव, काळ, त्या काळातले घर, निळ्या रंगासाठी दगड कुटून काढलेले महागडे रंगद्रव्य, हे सारे सांगा. आता ती माहिती त्यांनी मागितलेली असते.

हार्वर्ड विद्यापीठातील कलेतिहासाच्या प्राध्यापिका जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एका चित्रापुढे सलग तीन तास बसायला सांगत. तेवढे तुम्ही करू नये, पण दहा तासांत सहा-सातच्या वर कलाकृती घेऊ नयेत. आणि त्या निवडताना ‘विद्यार्थ्यांना हे माहीत असलेच पाहिजे’ असा विचार सोडून, ज्या तुम्हाला स्वतःला पुन्हा पुन्हा पाहाव्याशा वाटतात त्याच घ्या. शिक्षकाचा जिव्हाळा खरा आहे की उसना, हे त्या वयाची मुले फार लवकर ओळखतात.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकते. आमच्याकडे कलापरिचयाचा वर्ग सर्वांना सक्तीचा आहे. मला उद्धटपणा करायचा नाही, पण विज्ञानाच्या विद्यार्थिनीला याचा नेमका उपयोग काय?

उत्तर : प्रश्नात उद्धटपणा काही नाही. तुमच्याच शास्त्रातले एक उदाहरण घ्या. १६०९ सालच्या उन्हाळ्यात थॉमस हॅरियट या इंग्रज अभ्यासकाने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे रेखाटन केले. उजेड आणि अंधार यांच्यामधली रेषा वेडीवाकडी आहे हे त्याच्या चित्रात दिसते, पण ती तशी का, हे त्याला त्या वेळी उलगडले नाही. काही महिन्यांनी गॅलिलिओने तेच पाहिले. चित्रकलेतले छायाप्रकाशाचे तंत्र त्याच्या चांगल्या परिचयाचे होते, आणि शाईच्या फिकट-गडद थरांत त्याने काढलेली चंद्राची चित्रे आजही उपलब्ध आहेत. अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके पाहून त्याने ओळखले, की ही सकाळच्या उन्हात आधी उजळणारी डोंगराची शिखरे आहेत, आणि १६१० साली त्याने ते जगासमोर मांडले. दोघांकडेही दुर्बीण होती. गॅलिलिओची अधिक चांगली होती हे खरे, तरी सावलीवरून उंचसखलपणा वाचायला शिकलेल्या डोळ्याचा त्यात मोठा वाटा होता असे कलेचे आणि विज्ञानाचे अनेक इतिहासकार मानतात.

दुसरे उदाहरण वैद्यकाचे. येल विद्यापीठात अर्विन ब्रेव्हरमन या त्वचारोगतज्ज्ञांनी कलासंग्रहालयाच्या मदतीने पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांचे बारकाईने वर्णन करायला शिकवले, आणि त्यानंतर रुग्णांच्या छायाचित्रांतील बारकावे टिपण्यात ते इतरांपेक्षा सरस ठरल्याचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला.

मात्र केवळ या उपयोगासाठी वर्गात बसू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे. उपयोगाचा हिशेब मांडत चित्राकडे पाहिले, की चित्र गप्प राहते. आवडत्या माणसाशी मैत्री केल्याने आपले आरोग्य सुधारते हे खरे असले, तरी तेवढ्यासाठी कोणी मैत्री करत नाही.

प्रश्न : अमूर्त चित्रांपुढे उभा राहिलो की मला न्यूनगंड येतो. सगळे गंभीर चेहऱ्याने मान डोलावतात आणि मला नुसते रंगाचे पट्टे दिसतात. अर्थ कळत नसेल तर पाहायचे तरी कसे?

उत्तर : तुमच्या आधी एका मोठ्या माणसाला हाच त्रास झालेला आहे. वासिली कांडिन्स्की हा कायद्याचा अभ्यासक होता. मॉस्कोतल्या एका प्रदर्शनात क्लोद मोनेचे गवताच्या गंजीचे चित्र त्याने पाहिले, आणि ही गंजी आहे हे त्याला ओळखताच आले नाही. प्रदर्शनाची यादी पाहिली तेव्हा कळले. आपल्याला ओळखता आले नाही याचे त्याला वाईट वाटले, आणि चित्रकाराला असे अस्पष्ट रंगवण्याचा अधिकार काय असेही मनात आले. पण ते चित्र मनातून जाईना. गंजी ओळखू न येताही त्या रंगांनी आपल्याला धरून ठेवले, हे त्याच्या ध्यानात आले. १८९६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने कायद्याचा मार्ग सोडला आणि चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. पुढे अमूर्त चित्रकलेच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना झाली. कळले नाही याची खंत आणि तरीही सुटत नाही ही ओढ, या दोन्हींना त्याने एकत्र नांदू दिले.

आलाप ऐकताना आपण ‘याचा अर्थ काय’ असे विचारत नाही. स्वर कुठे रेंगाळला, कुठून कुठे गेला, एखादा स्वर कसा टाळला आणि मग किती उशिरा लावला, हे आपण अनुभवतो. रंगाच्या पट्ट्यांनाही हेच प्रश्न विचारा. कोणता रंग पुढे येतो, कोणता मागे सरतो? कडा धारदार आहेत की विरघळलेल्या? नजर कुठे अडते? वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हासपुढे उभे राहण्याची संधी मिळाली तर हे करून पाहा. रोलर आणि चाकू वापरून ते रंगाचे थर चढवत आणि खरवडत. लांबून एकाच रंगाचे वाटणारे त्यांचे चित्र जवळ गेल्यावर खालच्या थरांतून उजळत असल्यासारखे दिसते. पाच मिनिटे पाहूनही काही झाले नाही तर पुढच्या चित्राकडे जा. सगळीच चित्रे सगळ्यांशी बोलत नाहीत, आणि मान डोलावणाऱ्यांशीही ती बोलत असतीलच असे नाही.

प्रश्न : मी शिल्पकलेवर तास घेते. मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हा नग्न पुतळा पडद्यावर आला की मुलांत कुजबुज आणि हसणे सुरू होते. अशी शिल्पे गाळावीत का?

उत्तर : गाळू नयेत, आणि रागावूही नये. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना अवघडल्यासारखे होणे स्वाभाविक आहे. तो अवघडलेपणा बोलून कमी होत नाही, पण काम दिले की ओसरतो, असा माझा अनुभव आहे. पडद्यावर चित्र आणण्याआधी वर्गाला उभे राहायला सांगा. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून, सैनिकासारखे ताठ. मग सगळा भार उजव्या पायावर घ्यायला आणि डावा गुडघा सैल सोडायला सांगा. आता काय झाले ते प्रत्येकाने स्वतःच्या शरीरात शोधायचे. उजवा नितंब वर उचलला जातो, डावा खाली येतो, तोल सांभाळण्यासाठी उजवा खांदा किंचित उतरतो, पाठीचा कणा हलकासा वळतो, मानसुद्धा आपोआप एका बाजूला कलते. एका पायावरचा भार बदलला आणि सगळे शरीर बदलले.

यानंतर ग्रीकांचे सहाव्या शतकातले, म्हणजे इसवी सनापूर्वीचे, तरुणांचे पुतळे दाखवा. एक पाय पुढे असूनही भार दोन्ही पायांवर सारखा, म्हणून ते खांबासारखे वाटतात. मग इसवी सनापूर्वी ४८०च्या सुमारास घडवलेला, अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सापडलेला ‘क्रिटिओस बॉय’ दाखवा. त्यात पहिल्यांदाच भार एका पायावर सरकू लागलेला दिसतो आणि दगड श्वास घेतोय असे वाटते. मग चोळ काळातली ब्राँझची मूर्ती, जिच्यात मान, कंबर आणि गुडघा या तीन ठिकाणी बाक देणारा त्रिभंग आहे. आणि शेवटी १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला, पाच मीटरहून उंच ‘डेव्हिड’. तोवर विद्यार्थी त्याचा उजवा पाय पाहत असतील, आधी कोणीतरी काम सुरू करून सोडून दिलेल्या संगमरवराच्या शिळेतून हा तोल कसा काढला असेल याचा विचार करत असतील. हसायला कोणाला सवड उरलेली मी तरी पाहिलेली नाही.

प्रश्न : मोबाइलवर सगळी चित्रे दिसतात. मग प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह कशाला?

उत्तर : मोबाइलचा उपकार मोठा आहे, हे आधी मान्य करतो. अनेक संग्रहालयांनी आपल्या संग्रहातली उत्तम प्रतीची छायाचित्रे सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत, आणि व्हर्मीरचा तो खिळा मोठा करून पाहायला पडदाच बरा पडतो. पण पडदा सगळ्यांना एकाच मापाचे करून टाकतो. ‘मोनालिसा’ ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे आणि पिकासोचे १९३७ सालचे ‘गेर्निका’ पावणेआठ मीटर लांब आणि साडेतीन मीटर उंच. हातातल्या पडद्यावर दोन्ही तळव्याएवढी. बाँबहल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या गावाचे ते काळे, पांढरे, करडे चित्र माणसाच्या डोक्यावरून वर जाते, टोकापासून टोकापर्यंत चालावे लागते. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर वर्गाच्या भिंतीवर सुतळीने आणि खडूने तेवढा आयत आखा आणि मुलांना त्याच्यापुढे उभे करा.

प्रश्न : चित्र, शिल्प, संगीत, नृत्य यांचे वर्ग वेगवेगळे ठेवावेत की एकत्र? आमच्याकडे यावर दोन गट पडले आहेत.

उत्तर : विष्णुधर्मोत्तर पुराणात यावर एक सुंदर संवाद आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींना देवप्रतिमा घडवण्याची विद्या विचारतो. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्रसूत्र जाणले पाहिजे. राजा चित्र शिकू पाहतो, तर नृत्त जाणल्याशिवाय चित्र कळत नाही. नृत्त जाणायचे तर वाद्य, आणि वाद्य जाणायचे तर गीत. मूर्तीच्या प्रश्नापासून निघालेला राजा गाण्यापाशी येऊन पोहोचतो. वेळापत्रकाच्या सोयीसाठी वर्ग वेगळे ठेवले तरी शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला बसावे, एवढे तरी व्हावेच.

ज्यांना शास्त्रीय संगीत कंटाळवाणे वाटते त्यांच्यासाठी एक करून पाहिलेली गोष्ट सांगतो. विलंबित एकतालातला ख्याल लावा. मात्रा बाराच, पण एक आवर्तन पुरे व्हायला कित्येकदा मिनिटभर लागते. रागाचे नियम, घराणे काहीही सांगू नका. तबल्याचा ठेका ऐकून सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ओळखायची आणि ती आली की बाकावर हलकेच बोट टेकवायचे, एवढेच काम द्या. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत बोटे वाटेल तिथे टेकतात. पाचव्या-सहाव्या आवर्तनापर्यंत चाळीस बोटे एका क्षणी खाली येतात, आणि गायक दूरवर भटकून नेमका समेवर उतरला की वर्गातून नकळत दाद उमटते. कोणी शिकवलेली नसते ती.

प्रश्न : मला सरळ रेघही ओढता येत नाही. वर्गात चित्र काढायला लावतील या भीतीने मी जात नाही. आणि या विषयाला गुण कशाच्या आधारे देतात?

उत्तर : चित्र काढायला जरूर लावावे, पण ते कोणाला दाखवायचे नाही या अटीवर. डाव्या हाताचा पंजा बाकावर ठेवा, उजव्या हातात पेन्सिल घ्या, आणि कागदाकडे एकदाही न पाहता, नजर पंजाच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवत दहा मिनिटे रेघ ओढत राहा. डावखुरे असाल तर उलट. कागदावर उमटलेली आकृती हातासारखी दिसणार नाही, पण करंगळीच्या सांध्यावरच्या सुरकुत्या तुम्ही पहिल्यांदा पाहिलेल्या असतील. सरळ रेघेची इथे कोणाला गरज नसते.

गुणांविषयी शिक्षकांना माझी सूचना अशी आहे. सत्रात एकच कलाकृती तीन वेळा दाखवावी, प्रत्येक वेळी महिन्याभराचे अंतर ठेवावे, आणि दर वेळी आधीचे लिखाण न पाहता विद्यार्थ्यांनी तिच्यावर एक पान लिहावे. शेवटी तिन्ही पाने शेजारी ठेवून, तिसऱ्या पानावर पहिल्यात नसलेले काय आले ते त्यांनी स्वतःच अधोरेखित करावे. गुण द्यायचेच असतील तर त्या अधोरेखित ओळींना द्यावेत. तिसऱ्या वेळी एखाद्याला ती कलाकृती पहिल्यापेक्षा कमी आवडली आणि त्याने ती का, हे नीट लिहिले, तर त्याचेही गुण कापू नयेत.